सोंग दुर्जनाचे, वसा सज्जनाचा : नटवर्य निळू फुले यांचे जीवन व कार्य

शमुवेल संदेष्टा इशायाच्या घरी नवा राजा निवडावयास गेला, तेव्हा थोरल्या मुलाची उंची व रुबाब पाहून त्याला वाटले की, परमेश्वराने निवडलेला पुरुष तो हाच. परंतु परमेश्वराने त्याला बजावले की, मनुष्य बाहेरचे रूप पाहतो, मी अंतःकरण पाहतो. ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. असे असूनही एखाद्या माणसाविषयी मत बनविताना आपण त्याच्या रूपावर, वेषावर व लोकांच्या बोलण्यावरच विसंबून राहतो. त्यातून एखाद्याने दुष्टाचे सोंग इतके हुबेहूब वठविले की पाहणाऱ्याचा संताप व्हावा, तर त्या सोंगामागील माणसाकडे न्यायाने पाहणे फारच कठीण जाते. आपल्या मराठी रंगभूमीवर व चित्रपटांत असा एक नट होऊन गेला. त्याचे नाव निळू फुले.

पैनगंगेच्या अलीकडे राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी कुटुंबांना हे नाव परके नाही. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके पलीकडे गेले आणि बेला, जैनथ, तामसी, बोथ या भागांतील आपली घरे अलीकडे राहिली. राज्याची सीमा मध्ये आली. पण सोयरीक, बोलीभाषा व करमणूक यांना ती अडवू शकली नाही. तंबूतला सिनेमा असो, पुढे दूरदर्शन असो, वा आज मुलांच्या हाती असलेला मोबाइल असो, मराठी चित्रपट या घरांत पोचतच राहिले. त्या चित्रपटांतील पांढरी टोपी घातलेला, डोळे किंचित मिटून हलक्या घोगऱ्या आवाजात बोलणारा, आणि ज्याचे बोलणे जितके गोड तितका ज्याचा बेत काळा, असा पाटील कोणाला आठवत नाही? फुले १३ जुलै २००९ रोजी पुण्यास वारले. परंतु तो पाटील मात्र गावोगावच्या नकलाकारांच्या तोंडी अद्याप जिवंत आहे.

या लेखात त्यांचे चरित्र सांगावयाचे आहे. ते ख्रिस्ती नव्हते. समाजवादी विचारांत वाढलेले व अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीला साथ देणारे असे ते गृहस्थ होते. तरीही त्यांच्या आयुष्यात आपण विचारात घ्यावे असे पुष्कळ आहे, असे मला मनापासून वाटते.

बागेतला माळी

निळकंठ कृष्णाजी फुले यांचा जन्म १९३०च्या सुमारास एका सामान्य परिस्थितीतील कुटुंबात झाला. घरात नाटकाची परंपरा नव्हती की पैशाची सुबत्ता नव्हती. शिक्षण बेताचेच झाले. तरुणपणी त्यांनी पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळ्याची नोकरी धरली. रोपे लावणे, आळी करणे, पाणी घालणे हा त्यांचा नित्याचा व्यवसाय होता. पुढे ज्याच्या नावाने चित्रपटगृहे भरू लागली, त्या नटाची उमेदीची वर्षे अशी मातीत हात घालून गेली.

त्या नोकरीत त्यांना महिना ऐंशी रुपये पगार होता, आणि त्यांतील दहा रुपये ते राष्ट्र सेवा दलाला देत. हा आकडा वाचकांनी नीट मनात ठेवावा. आपल्या ख्रिस्तसभेत उत्पन्नाचा दहावा भाग देवाच्या कार्यास देण्याची जुनी शिकवण आहे, आणि ती पाळणारी घरे किती थोडी आहेत हे आपण जाणतो. ज्याने ती शिकवण कधी आपली म्हटली नाही, त्या माळ्याने आठवा भाग दिला. पुढे त्यांच्या हातून जे परोपकार घडले, त्यांचे मूळ या दहा रुपयांत आहे. श्रीमंती आल्यावर दान करू, असे म्हणणाऱ्यांच्या हातून बहुधा ते कधीच होत नाही. हात उघडा ठेवण्याची सवय गरिबीतच लागावी लागते.

लोकनाट्याची पाठशाळा

राष्ट्र सेवा दल ही संघटना १९४१ साली उभी राहिली. तरुणांना श्रम, समता व राष्ट्रसेवा यांचे संस्कार देणे हे तिचे ध्येय होते. केवळ व्याख्यानांनी खेड्यातील माणूस जागा होत नाही हे ओळखून दलाने कलापथके काढली आणि त्यांच्याद्वारे गाणी, पोवाडे व लोकनाट्ये गावोगाव नेली. फुले यांचे खरे शिक्षण या कलापथकात झाले.

लोकनाट्य म्हणजे आपल्या जुन्या तमाशाचे सुधारलेले रूप. आरंभी गण, मग गवळण, मग बतावणी व शेवटी वग, असा त्याचा क्रम असतो. वगाची कथा ठरलेली असली तरी संवाद पुष्कळसे जागच्या जागी सुचवून म्हणावे लागतात. आज गावात काय घडले, सरपंच कोण, पाऊस पडला की नाही, हे सारे ध्यानात घेऊन नटाला बोलावे लागते. येथे पाठांतरावर भागत नाही. समोरच्या माणसाची नाडी ओळखावी लागते. १९५७ सालच्या निवडणुकीच्या वेळी फुले यांनी ‘येरा गबाळ्याचे काम नोहे’ हा वग स्वतः रचला. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पुढारी पाहिजे’ या लोकनाट्यातील त्यांचे रोंगे हे पात्रही लोकांस फार आवडले. त्यानंतर शंकर पाटील यांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगाने तर त्यांचे नाव महाराष्ट्रभर केले. राम नगरकरांसारख्या हरहुन्नरी सोबत्याबरोबर त्यांनी या वगाचे शेकडो प्रयोग केले.

वाचकांच्या ध्यानात येईल की, फुले यांनी आरंभी लोकांना हसविले. जो माणूस हजारो प्रेक्षकांना पोट धरून हसवू शकतो, तोच त्यांच्या अंगावर काटाही उभा करू शकतो. कारण माणसाच्या स्वभावातील वाकडेपणा दोहोंसाठी सारखाच बारकाईने पाहावा लागतो.

पडद्यावरील पाटील

१९६८ साली दिग्दर्शक अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’ या चित्रपटात फुले प्रथम पडद्यावर आले. त्यांतील झेलेअण्णा हे पात्र प्रेक्षकांनी उचलून धरले, आणि तेथून पुढे चाळीस वर्षे त्यांचे काम अखंड चालू राहिले. ‘सोंगाड्या’ (१९७१), ‘पिंजरा’ (१९७२), ‘जैत रे जैत’ (१९७७) असे कितीतरी गाजलेले चित्रपट त्यांच्या नावाशी निगडित आहेत. हिंदीतही ‘कुली’ (१९८३), ‘मशाल’ व ‘सारांश’ (दोन्ही १९८४) यांत त्यांनी कामे केली. ‘सारांश’मधील त्यांचा पुढारी हा मुलाच्या मृत्यूने खचलेल्या एका वृद्ध शिक्षकाच्या वाटेत उभा राहतो, भूमिका लहान असूनही ती विसरता येत नाही.

तथापि त्यांची खरी ओळख झाली ती ग्रामीण सत्ताधाऱ्याच्या भूमिकांमुळे. याचे कारण त्या काळातील समाजस्थितीत आहे. जुन्या नाटकांतला दुर्जन बहुधा सावकार असे किंवा दरोडेखोर असे. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने, पतपेढ्या, दूधसंघ व शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या. त्यांनी शेतकऱ्याचे पुष्कळ कल्याण केले यात शंका नाही. परंतु जेथे सत्ता व पैसा एका हाती येतो, तेथे मोहही येतो. गावचा पाटीलच कारखान्याचा अध्यक्ष, शाळेचा चालक आणि निवडणुकीतील मतांचा मालक झाला. त्याच्याविरुद्ध बोलणाऱ्याला उसाची तोड मिळेना, कर्ज मिळेना, मुलाला नोकरी मिळेना. हा नवा दुर्जन हाती तलवार घेत नाही. हात जोडून, पाहुण्याला चहा पाजून आपले काम साधतो. त्याला पडद्यावर ओळखीचे रूप दिले ते फुले यांनी.

त्यांनी ते कसे साधले? ते देहाने धिप्पाड नव्हते; आरडाओरड क्वचितच करीत. शब्द सावकाश टाकणे, बोलता बोलता मध्येच थांबणे, धोतराचा सोगा सावरणे, समोरच्याकडे न पाहता त्याला धमकी देणे, एवढ्यावर त्यांचे काम भागे. गावात ज्यांनी सत्तेचा माज जवळून पाहिला आहे, त्यांना ही खूण तत्काळ पटते. ज्याच्या हाती खरोखर सत्ता असते, त्याला ओरडण्याची गरज पडत नाही.

हरवलेल्या माणसाचा प्रश्न

फुले यांच्या सर्व भूमिकांत मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते ती ‘सामना’ या चित्रपटातील. विजय तेंडुलकर यांनी लिहिलेला, रामदास फुटाणे यांनी निर्मिलेला व डॉ. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला हा १९७४चा चित्रपट. पुढील वर्षी, म्हणजे १९७५ साली, तो बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखविण्यात आला.

हिंदुराव धोंडे पाटील हा एका साखर कारखान्याचा धनी. सारा मुलूख त्याच्या शब्दावर चालतो. त्याच्या गावात एक दारूने बरबाद झालेला म्हातारा मास्तर येऊन पडतो. हिंदुराव त्याला गमतीखातर घरी आणतो, जेवू घालतो, चांगले कपडे देतो. मास्तरची भूमिका डॉ. श्रीराम लागू यांनी केली आहे. या मास्तरच्या कानी एक नाव पडते, मारुती कांबळे. हा एक दलित माणूस एके काळी या गावात होता आणि नंतर तो दिसेनासा झाला. त्याचे काय झाले, असे मास्तर विचारू लागतो. त्याला गप्प बसविण्याचे सर्व उपाय होतात. परंतु तो तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारीत राहतो, आणि त्या एका प्रश्नाने हिंदुरावाचे साम्राज्य आतून पोखरले जाते. अखेरीस कायद्याचे हात त्याच्यापर्यंत पोचतात.

हा प्रश्न आपल्याला नवा आहे काय? पवित्र शास्त्राच्या आरंभीच परमेश्वर काइनाला त्याचा भाऊ हाबेल कोठे आहे असे विचारतो, आणि मी का माझ्या भावाचा राखणदार, असे काइन उलटून विचारतो. हिंदुरावाचे उत्तर काही निराळे नाही. हाबेलाचे रक्त जमिनीतून ओरडते, तद्वत् मारुती कांबळेचे नाव गावच्या मातीतून वर येते. चित्रपट काढणाऱ्यांच्या मनात बायबल होते असे मी म्हणत नाही. परंतु सत्य एकच असल्यामुळे ते निरनिराळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोचते.

यात फुले यांचे कौशल्य असे की, त्यांचा हिंदुराव राक्षस वाटत नाही. तो पाहुणचार करतो, विनोद करतो, गावासाठी आपण किती केले हे मनापासून सांगतो. पाहणाऱ्याला क्षणभर तो आवडूही लागतो. आणि नेमक्या याच कारणाने तो आपल्या अंगावर येतो. दुष्टाला शिंगे व शेपटी लावली की आपण निर्धास्त होतो, कारण ती आपल्याला नाहीत. परंतु दुष्ट हा आपल्यासारखाच हसतो, बोलतो, देवाला नमस्कार करतो, असे दिसले की मग आपल्याला स्वतःकडे पाहावे लागते.

दुसरी बाजू

फुले यांना केवळ खलनायक म्हणणे हे मात्र अपुरे ठरेल. डॉ. पटेल यांच्याच ‘सिंहासन’ (१९७९) या चित्रपटात त्यांनी दिगू टिपणीस हा पत्रकार रंगविला. अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेल्या या कथेत राजकारणी लोक खुर्चीसाठी एकमेकांस ओढतात, आणि दिगू हे सारे उघड्या डोळ्यांनी पाहत राहतो. जो नट सत्ताधाऱ्याची भूमिका करी, तोच येथे सत्तेचा साक्षीदार झाला. जयवंत दळवी यांच्या ‘सूर्यास्त’ या नाटकात तर ते अप्पाजी नावाचे वृद्ध गांधीवादी स्वातंत्र्यसैनिक झाले. अप्पाजींचा स्वतःचा मुलगा सत्तेवर आहे, आणि त्याच्याच राज्यातील अन्यायाविरुद्ध बापाला उभे राहावे लागते. ज्यांनी फुले यांना केवळ पाटील म्हणून ओळखले, त्यांनी या अप्पाजींची गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी.

१९७२ साली तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ हे नाटक कमलाकर सारंग यांनी रंगभूमीवर आणले. त्यांतील सखाराम फुले यांनी केला. टाकून दिलेल्या स्त्रियांना घरात आणून ठेवणाऱ्या एका दांडग्या माणसाची ही कथा. तिच्यावर मोठे वादळ उठले, प्रयोग थांबविण्यात आले आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. तेथे नाटकाच्या बाजूने निर्णय झाला. हे नाटक मुलाबाळांसह पाहण्याजोगे नव्हे, हे मी स्पष्ट सांगतो. परंतु नवऱ्याने टाकलेल्या स्त्रीला आपल्या समाजात कोणते दार उघडे असते, हा त्यातील प्रश्न आपल्या गावांतूनही उत्तराची वाट पाहत उभा आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

१९९१ साली संगीत नाटक अकादमीने पारितोषिक देऊन फुले यांचा गौरव केला. परंतु त्यांना मिळालेले एक पारितोषिक याहून विलक्षण होते. ते दौऱ्यावर गेले असता खेड्यातील बायका त्यांना पाहून तोंड फिरवीत, कोणी बोटे मोडीत. पडद्यावर ज्याने लेकीबाळींचे वाटोळे केले, तोच हा, असा त्यांचा भाव असे. फुले याचा राग मानीत नसत. आपले काम साधले याची ती पावती समजत. वाचकहो, हे वाटते तितके सोपे नाही. सज्जन म्हणवून घेण्याची हौस प्रत्येकाला असते. आपण सज्जन असून लोकांनी दुर्जन समजावे, आणि तेही लोकांचेच डोळे उघडावेत म्हणून सहन करावे, याला अंगी नम्रता असावी लागते.

रंगभूमी आणि ख्रिस्तसभा

धर्मगुरूने नटाचे चरित्र लिहावे, याचे कोणास आश्चर्य वाटेल. खरोखर एके काळी ख्रिस्तसभा व नट यांचे सख्य नव्हते. रोमन साम्राज्यातील खेळ बीभत्स व क्रूर असत. त्यांत ख्रिस्ती संस्कारांची टवाळी होई. म्हणून ३१४ साली आर्ल येथे भरलेल्या धर्मसभेने नाटकांत कामे करीत राहणाऱ्यांना ख्रिस्तप्रसादापासून दूर ठेवण्याचे ठरविले. त्याच रोमन काळातील संत जेनेसियस यांची परंपरागत कथा प्रसिद्ध आहे. सम्राट डायोक्लेशियन याच्यापुढे बाप्तिस्म्याची थट्टा करणारे सोंग ते वठवीत होते. परंतु सोंग करता करताच त्यांच्या अंतःकरणात श्रद्धा उजळली, आणि त्यासाठी त्यांनी प्राण दिला. नटांचे आश्रयदाते संत म्हणून २५ ऑगस्ट रोजी त्यांचे स्मरण केले जाते. तरीही नटांविषयीचा दुरावा पुढे शतकानुशतके राहिला. १६७३ साली फ्रान्समधील थोर नाटककार व नट मोलियर वारला, तेव्हा त्याला ख्रिस्ती दफन मिळणे कठीण झाले. राजाने मध्यस्थी केल्यावर रात्रीच्या वेळी, गाजावाजा न करता त्याला पुरण्यात आले.

आज हा दुरावा उरलेला नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी सामाजिक संपर्कसाधनांवर एक आदेशपत्र प्रसिद्ध केले. पापाचे चित्रण केल्याने मनुष्याचे अधिक खोल ज्ञान होऊ शकते आणि सत्य व चांगुलपणा यांचे तेज अधिक उठून दिसू शकते, असे त्यात मान्य केले आहे. मात्र हे चित्रण नीतीच्या मर्यादेत असावे, आणि विशेषतः मनुष्याच्या दुर्बल वासना चाळविणारे नसावे, अशी अटही घातली आहे. पोप दुसरे जॉन पॉल हे तर तरुणपणी स्वतः नट होते. जर्मनांनी पोलंड व्यापला असताना १९४१ साली क्राकूव शहरात त्यांच्या मंडळींनी गुप्तपणे नाटकमंडळी स्थापून घराघरांतून प्रयोग केले. ज्या १९९९ साली आपला आदिलाबाद धर्मप्रांत अस्तित्वात आला, त्याच वर्षी त्यांनी जगातील कलावंतांना उद्देशून एक पत्र लिहिले.

आणि जुन्या करारात नाथान संदेष्ट्याने काय केले? दावीद राजाने उरियाची बायको घेतली व त्याला मारविले. नाथानाने राजाला एका श्रीमंताची गोष्ट सांगितली, ज्याने गरिबाची एकुलती एक मेंढी हिरावून घेतली होती. राजा संतापला आणि त्या श्रीमंताला शिक्षा फर्मावू लागला. तेव्हा संदेष्ट्याने दाखवून दिले की, तो श्रीमंत दुसरा कोणी नसून राजा स्वतःच आहे. उघड दोष दिला असता तर दावीद कदाचित् नाथानावरच उलटला असता. परंतु गोष्टीतील दुर्जनाचा राग आला आणि त्या रागाने त्याचे स्वतःचे पाप उघडे पडले. दुर्जनाची भूमिका प्रामाणिकपणे करणारा नट हे नाथानाचेच काम करीत असतो.

यूदा कोणी व्हावे?

आमच्या धर्मग्रामात पवित्र सप्ताहात तरुण मंडळी प्रभूच्या दुःखसहनाचा देखावा करतात. प्रभू येशू होण्यास सगळे तयार असतात. पेत्र, योहान, पवित्र मरिया यांनाही माणसे मिळतात. अडचण येते ती यूदाची. एके वर्षी एका गुणी मुलाला हे काम दिले, तर दुसऱ्या दिवशी त्याची आई दारात उभी राहिली.

“फादर जी, गावात एवढे पोट्टे असतानी माह्याच पोराले यूदा कायले केलं? उद्या याले पोरगी कोन देईन?”

मी म्हटले, “ताई, ज्याच्या मनात कपट नाही, त्यालाच हे काम सांगता येते. ज्याच्या मनात ते असेल, तो या वेषात लोकांपुढे उभाच राहणार नाही.”

तिची समजूत पुरती पटली नाही. तरीही तिने मुलाला अडविले नाही. त्या रात्री शेवटच्या भोजनाचा प्रसंग आला. विश्वासघात करणारा या मेजावरच आहे, असे प्रभूने सांगितल्यावर शिष्य एकामागून एक, तो मी तर नव्हे ना, असे विचारू लागले. एरवी या वेळी मागच्या बाजूला बायकामुलांची कुजबुज चालू असते. त्या रात्री ती नव्हती. पुढे यूदा झालेल्या मुलाने नाणी हातात घेतली आणि ती मोजताना त्याचा हात थरथरू लागला, तेव्हा पुष्कळांच्या माना खाली गेल्या. दुसऱ्या दिवशी पापनिवेदनास नेहमीपेक्षा अधिक माणसे आली. त्याचे कारण तो देखावाच होता असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. परंतु आले त्यांत काही असे होते, जे पुष्कळ वर्षे आले नव्हते. त्या मुलाला मात्र काही महिने गावातली पोरे यूदा म्हणून चिडवीत. पुढे त्याचे लग्नही यथासांग झाले, हे त्याच्या आईच्या समाधानासाठी येथे नमूद करतो.

शिष्यांना पडलेला प्रश्न हाच सर्व चांगल्या नाटकांचा गाभा आहे. तो मी तर नव्हे ना? फुले यांचा पाटील पाहून घरी परतणाऱ्या माणसाने, असा नालायक आपल्या गावात कोण आहे बरे, एवढाच विचार केला तर त्याचे पैसे वाया गेले. माझ्या हाताखालच्या सालगड्याशी मी कसा बोलतो, बंधाऱ्याच्या पाण्याची पाळी मी कोणाची चुकवली, घरातील सुनेवर मी कसली सत्ता गाजवितो, असे ज्याच्या मनात आले, त्याला तो चित्रपट लाभला.

आपल्या घरांसाठी

आज आपल्या मुलांपुढे जितकी नाटके व चित्रपट येतात, तितके पूर्वी कधी आले नव्हते. सगळे बंद करा, असे सांगणे व्यर्थ आहे. आईबापांनी मुलांजवळ बसून पाहावे आणि पाहून झाल्यावर त्यांना तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, यात वाईट हे वाईटच दिसले, की ते ऐटदार व हवेहवेसे वाटले? दुसरी, ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे दुःख आपल्याला दिसले काय, की मारणाऱ्याचा पराक्रमच तेवढा दिसला? तिसरी, हे पाहून आपल्याला दुसऱ्याचा द्वेष वाटला, की स्वतःत सुधारणा करावीशी वाटली? फुले यांचे उत्तम चित्रपट या कसोटीस उतरतात. मोटारी, बंदुका व सूड यांनी भरलेले आजचे पुष्कळसे चित्रपट उतरत नाहीत. त्यांत दुर्जनच नायक झाला आहे आणि त्याच्याकडे पाहून कोणाचीही मान खाली जात नाही.

आणखी एक गोष्ट. नट आपल्या इच्छेने दुष्टाचा मुखवटा चढवितो व प्रयोग संपला की उतरवितो. परंतु आपल्या गावांत अशी माणसे आहेत, ज्यांच्या तोंडावर तो आपण चढविला आहे. एखाद्याचा आजा चोरीत सापडला होता म्हणून नातवाला आपण चोर समजतो. एखादी विधवा एकटी राहते म्हणून तिच्याविषयी नाही नाही ते बोलतो. एखाद्या म्हातारीला करणी करणारी ठरवितो. हा मुखवटा त्यांना उतरविता येत नाही, कारण त्याची दोरी आपल्या हाती असते. पडद्यावरचा पाटील पाहून फुले यांना शिव्या देणाऱ्या भोळ्या बायकांना आपण हसतो. परंतु त्यांची चूक निदान कोणाच्या पोटावर आली नाही.

फुले यांनी मिळालेल्या कीर्तीचे काय केले, हे सांगून लेख पुरा करतो. समाजासाठी घरदार विसरून झटणारे कार्यकर्ते स्वतः उपाशी राहतात, हे त्यांनी पाहिले होते. डॉ. लागू व इतर नामवंत कलावंतांच्या बरोबर त्यांनी आचार्य अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’ या नाटकाचे प्रयोग केले आणि त्यांतून आलेल्या पैशांतून सामाजिक कृतज्ञता निधी उभारण्यास हातभार लावला. अशा कार्यकर्त्यांना दरमहा काही मानधन मिळावे, हा त्याचा हेतू होता. निधीच्या नावातील कृतज्ञता हा शब्द लक्षात घ्यावा. आपण उपकार करतो असा त्यात भाव नाही. आपल्यावर समाजाचे ऋण आहे व ते फेडले पाहिजे, असा आहे. ऐंशी रुपयांतील दहा रुपये देणाऱ्या माळ्याचा हात मोठेपणीही मिटला नव्हता. अखेरच्या काळात अन्ननलिकेच्या कर्करोगाने त्यांना गाठले आणि ज्या पुण्यात त्यांनी झाडांना पाणी घातले होते, तेथेच त्यांची जीवनयात्रा संपली.

प्रभूने सांगितलेल्या दोन मुलांच्या दृष्टांतात एक मुलगा द्राक्षमळ्यात जातो म्हणाला व गेला नाही. दुसरा जात नाही म्हणाला, परंतु गेला. पित्याची इच्छा कोणी पाळली, असे प्रभूने विचारले होते. आपण सारे तोंडाने होकार दिलेले लोक आहोत. म्हणून या महिन्यात प्रत्येक कुटुंबाने रात्रीची प्रार्थना झाल्यावर दोन गोष्टी ठरवाव्यात : गावातील ज्या एका माणसाला आपण दुर्जन ठरविले आहे, त्याच्या दारी एकदा जाऊन यावे, आणि कापसाचे पैसे हाती येतील तेव्हा त्यांतील भाग गरिबासाठी प्रथम बाजूला काढावा, उरले तर देऊ असे म्हणू नये.